रुमालाखालचा सौदा

मामांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. स्क्रीनवर त्यांचं नाव बघून आधी वाईटच शंका आली, कारण आमचे गुरप्पामामा स्वतःहून फोन करणाऱ्यातले नाहीत. फोन मामी लावतात आणि मामा मागून ओरडून निरोप सांगतात. त्या दिवशी मात्र स्वतः बोलले. "येत्या बाजाराला ये. तुला रुमालाखालचा सौदा बघायचा हुता न्हवं? ये मग."

मेथी तशीच टाकून मी कपाटातून बॅग खाली काढली.

गुरप्पामामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. धाराशिव जिल्ह्यात उमरग्याच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला लागून त्यांचं गाव. चाळीसेक वर्षं ते जनावरांच्या बाजारात दलाली करतात. त्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकतो आणि त्याखाली बोटं दाबून आकडे चालतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी सौदा ठरेपर्यंत कुणाला काही कळत नाही. हे मी कितीतरी वर्षं ऐकत आले होते. अकरावी-बारावीला एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, आणि दर वर्षी एका ठरावीक धड्यापाशी आले की मला तो रुमाल आठवायचा. दर उन्हाळ्यात मी मामांच्या मागे लागायचे आणि दर उन्हाळ्यात एकच उत्तर मिळायचं, "बाया न्हाय येत तिथं."

आता मी निवृत्त होऊन वर्ष झालं, आणि मामा आपणहून बोलावतायत! का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण हवं ते मिळालं की मी कारण विचारत नाही, हा माझा जुना दोष.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या लेखातल्या सगळ्यांची नावं मी बदलली आहेत. मामांच्या गावाचं आणि बाजाराचं नाव सांगणार नाही. कमेंटमध्ये विचारू नका, उत्तर मिळणार नाही.

पुण्याहून सकाळच्या गाडीनं सोलापूर गाठलं. तिथून उमरग्याकडे जाणाऱ्या एस्ट्या भरपूर आहेत, हैदराबादचा रस्ता असल्यामुळे खोळंबा होत नाही. रस्ता चांगला, खिडकीची जागा मिळाली, बायकांना अर्धं तिकीट. डिसेंबरचे दिवस होते. दोन्ही बाजूंना तूर वाळत आलेली आणि मधेमधे ज्वारी छातीएवढी. मी अर्ध्या तिकिटावर राणीसारखी बसले होते आणि मनात म्हणत होते की बाई, तू तर या प्रवासाला दुप्पट पैसेही आनंदानं दिले असतेस.

वाटेत नळदुर्गला उतरले. वेळ असेल तर तुम्हीही उतराच. बोरी नदी अडवून किल्ल्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल बघण्यासारखा आहे. धबधबे बघायचे असतील तर पावसाळ्यात या, डिसेंबरात फक्त दगड दिसतात. उपळी बुरुजाच्या पायऱ्या उंच आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच नमस्कार करा. मी हट्टानं चढले आणि खाली येईपर्यंत घसा कोरडा पडला. स्टँडजवळ एक मावशी पेरूची पाटी घेऊन बसल्या होत्या.

"कसे दिले?"

"चाळीस किलो."

त्या क्षणी त्यांनी ऐंशी सांगितले असते तरी मी दिले असते. मी काही न बोलता चाळीस दिले, तसं मावशींना वाईट वाटलं असावं. दोन पेरू जास्तीचे टाकत म्हणाल्या, "घासाघीस करायची की हो. सांजच्याला उरले तर वीसनं बी देते म्या."

ज्यांनी बारावीत हा धडा ऑप्शनला टाकला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझी ऐंशीची तयारी होती आणि दिले चाळीस. वरचे चाळीस माझ्या मनात राहिले. त्याला म्हणतात उपभोक्त्याचं संतोषाधिक्य. मावशी अगदी वीसपर्यंत उतरायला तयार होत्या आणि त्यांना मिळाले चाळीस. ते वरचे वीस म्हणजे उत्पादकाचं आधिक्य. फळ्यावर मागणीची रेषा उतरती काढायची, पुरवठ्याची चढती, आणि किमतीच्या वर एक त्रिकोण, खाली एक त्रिकोण. मी दोन रंगांचे खडू वापरायचे. मुलं वहीत छान रंगवायची. हे त्रिकोण खरे असतात कुठं, असं एकदा एका मुलीनं विचारलं होतं. मी तिला म्हटलं होतं, माझ्या मामाच्या रुमालाखाली.

उमरग्याला पोचले तेव्हा चार वाजले होते. ट्रकांची रांग, दवाखान्यांच्या पाट्या, आणि कानावर निम्मं मराठी, निम्मं कानडी. तिथून टमटम, माणशी तीस रुपये, बसेल तितके. मामी दारातच उभ्या होत्या. "किती वाळलीस गं माय," म्हणाल्या. मी अजिबात वाळलेली नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

मामा ओसरीवर बसले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर तोच रुमाल. बहात्तरावं लागलं तरी पाठ ताठ. मामींनी स्टीलच्या पेल्यांत चहा आणला. माझा पेला इतका तापलेला की मी पदरात धरला. मामांनी मात्र सगळी मूठ पेल्याभोवती आवळली आणि निवांत बोलत राहिले.

"मामा, भाजत नाही का तुम्हाला?"

मामींनी पटकन त्यांच्या हातातून पेला घेतला आणि चहा बशीत ओतला. "बैलात वावरून कातडी बी बैलाची झालीय त्येंची," म्हणाल्या. आम्ही तिघंही हसलो. मी वहीत लिहिलंसुद्धा की काटक माणूस. ती ओळ आता वाचवत नाही.

रात्री हुग्गी होती. गव्हाची, गूळ घालून, वर तुपाची धार. मी दोनदा घेतली आणि लवकर झोपले.

सकाळी निघायच्या वेळी मामी मामांच्या सदऱ्याच्या गुंड्या लावत होत्या. म्हातारपणी काय गुलूगुलू चाललंय, म्हणून मी त्यांना चिडवलं. मामी हसल्या नाहीत.

बाजाराला चालतच गेलो. वाटेत मामांनी मला बोटांची भाषा शिकवली. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पाचही बोटं मुठीत घेतली तर पाच. सहा म्हणजे मूठ आणि वर एक बोट, तसंच नऊपर्यंत. आधी दहा हजाराचा आकडा, मग थांबून वरच्या हजारांचा. दलाल आधी विकणाऱ्याचा हात रुमालात घेतो. विकणारा त्याला आपला शेवटचा आकडा सांगतो, ज्याच्या खाली तो जनावर परत घेऊन जाईल. मग घेणाऱ्याचा हात. तो जास्तीत जास्त किती देईल ते सांगतो. दोन्ही आकडे एकट्या दलालाला माहीत. मग तो मधला भाव काढतो आणि परत दोघांच्या हातात दाबतो.

"आणि पसंत नसला तर?"

"हात काडून घ्यायचा. हात काडला की सौदा मोडला. कुनी राग धरत न्हाय."

"आणि तुम्ही मधलाच का काढता? एखाद्याच्या बाजूनं का नाही?"

मामांनी माझ्याकडे खुळ्या पोरीकडे बघावं तसं बघितलं. "दोघं बी घराकडं हासत गेले पायजेत. एक हासत आन एक रडत गेला तर मग दलाल कशाला पायजे? चोर बी चालतोय."

मी रस्त्यात थांबून ते लिहून घेतलं. एकतीस वर्षं मी जे दोन त्रिकोण काढले, ते या माणसानं चाळीस वर्षं दर बाजाराला वाटून दिले होते. आणि त्याला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. अभिमानानं मला अगदी भरून आलं.

बाजार मोठ्या माळावर भरतो. शिंगांना हिंगूळ लावलेले बैल, पावत्यांचं टेबल, भजी, ऊस, धूळ. बाई मी एकटीच. एकानं विचारलंच, "बाई, म्हैस घ्यायची का?" म्हटलं, ठेवू कुठं, दुसऱ्या मजल्यावर? त्यावर तिथले सगळे हसले आणि मग मला कुणी परकं मानलं नाही. जायचं असेल तर सकाळी आठच्या आत पोचा, दुपारनंतर काही उरत नाही. भजी खा, दहा रुपयांत पोट भरतं.

मामांनी त्या दिवशी एकच सौदा घेतला. तो इरण्णांचा.

इरण्णा मामांचे तरुणपणापासूनचे दोस्त. दर सोमवारी संध्याकाळी दोघं महादेवाच्या देवळाच्या ओट्यावर बसणार, हे मामांच्या लग्नाआधीपासूनचं. इरण्णांनी आजवर जे जनावर घेतलं किंवा विकलं ते मामांच्याच रुमालाखालून. त्यांच्या बैलांच्या जोडीतला एक पावसाळ्यात गेला. मुलांनी ट्रॅक्टर घेतला आहे. एकटा उरलेला बाळू गोठ्यात नुसता उभा राहून झुरतोय, म्हणून तो विकायला आणला होता. अंगानं भरलेला, तांबूस, इरण्णांच्या खांद्याला नाक घासणारा. घेणारा सिद्धू नावाचा तरुण शेतकरी, हद्दीपलीकडचा. त्याच्याकडचाही एक बैल एकटा पडला होता.

मामांनी रुमाल टाकला. इरण्णांचा हात आत गेला. मामा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, अगदी टक लावून. मग सिद्धूचा हात. तिथंही तसंच टक लावून बघणं. मला वाटलं, काय ही एकाग्रता! मग पुन्हा इरण्णा. या वेळी रुमाल जरा जास्त हलला. इरण्णांच्या कपाळाची शीर वर आली. मामांनी पुन्हा काहीतरी दाबलं. इरण्णा मामांच्या तोंडाकडे बघत राहिले. चार-पाच श्वास इतका वेळ गेला असेल. मग त्यांनी होकाराची मान हलवली. मामांनी तोच भाव सिद्धूच्या हातात दाबला, त्यानं लगेच होकार दिला.

"झाला!" मामा मोठ्यानं म्हणाले. दावं सिद्धूच्या हातात दिलं. "सेहेचाळीस हजार."

सिद्धूचा चेहरा उजळला. "छलो आतु," तो म्हणाला, म्हणजे छान झालं. मामा पावतीच्या टेबलाकडे गेले. मी वही घेऊन सिद्धूला गाठलं. खरं सांग, कितीपर्यंत तयारी होती? तो आधी लाजला, मग हळूच म्हणाला, "अठ्ठावन होती की हो, ताई!" मी बारा हजारांचं संतोषाधिक्य लिहून घेतलं आणि खाली दुहेरी रेघ मारली. एवढा ढळढळीत नमुना मला कधी मिळाला नव्हता.

मग मी इरण्णांकडे गेले. ते एका दगडावर बसले होते.

"तुमचा आतला आकडा किती होता?"

"ते सांगत नसत्यात, बाई."

"आता झाला की सौदा. मी कुणाला सांगणार आहे?"

त्यांनी बाळू गेला त्या बाजूला बघितलं. "बावन," म्हणाले.

मी बावन्न लिहिलं आणि पेन तसंच राहिलं. माझ्या पुस्तकात असं होत नाही. आपल्या शेवटच्या आकड्याच्या खाली कुणी विकत नाही, तो धडाच त्या वाक्यावर उभा आहे. एक क्षण माझ्या मनात मामांबद्दल वाईटही आलं. लाज वाटते, पण आलं. म्हटलं, दलाल शेवटी दलालच.

"मग सेहेचाळीसला मान का हलवलीत?"

मामा लांब आहेत ना, हे त्यांनी आधी बघितलं. "गुरप्पाच्या बोटात जीव न्हाय ऱ्हायला, बाई. शुगरनं. म्या पाच बोटं दाबली, त्याला चार लागली. त्यानं सेहेचाळीस दाबले तवा म्या परत पाच दाबली, जोर लावून. तरी त्यानं सेहेचाळीसच दाबले. तवा समजलं मला."

"अहो, मग हात काढून घ्यायचा!"

"समदे बघत हुते. इरण्णानं गुरप्पाच्या रुमालातनं हात काडला, ह्ये आजवर कुनी बघितलं न्हाय. आधीच दोघं-चौघं कुजबुजत्यात. म्या बी हात काडला असता तर उद्यापास्नं त्याच्या रुमालात हात कोन घालनार?"

"पण सहा हजार, इरण्णा!"

"पोरं कमावत्यात माजी. सस्तात सुटलो म्हना की." ते हसले आणि मग हात जोडले. माझ्या मामांच्या वयाचा माणूस माझ्यापुढे हात जोडून बसला. "त्याला बोलू नका म्हंजे झालं."

मी म्हटलं, नाही बोलणार. मनापासून म्हटलं होतं.

परतीच्या वाटेवर मामा खुशीत होते. मी मात्र दोन पावलं मागून चालत होते. काल तो पेला, सकाळच्या त्या गुंड्या, टक लावून बघणं, सगळं आता नीट दिसत होतं आणि मी काहीच कसं ओळखलं नाही म्हणून स्वतःचाच राग येत होता.

जेवणं झाली. शेंगापोळ्या होत्या, पण त्यांच्या चवीबद्दल मला काही सांगता येणार नाही. मामा ओसरीवर बाजेवर बसले आणि मला समोर बसवलं. मामी उंबऱ्यात होत्या.

"तुला कशाला बोलावलं, ठावं हाय का?" मामा म्हणाले.

"रुमाल दाखवायला."

"न्हाय." त्यांनी उजवा हात माझ्यापुढे धरला. तळव्यावर भाजल्याचे दोन जुने डाग होते. "वर्ष झालं. बोटाला कायच कळत न्हाय. उमरग्याचा डाक्टर म्हनला, आता ते परत येनार न्हाय. म्या तोंड बघून अदमास घेतो. चाळीस वर्षं तोंडंच बघितली की. आन कुनी तक्रार बी केली न्हाय. समदे राजीखुशीनं जात्यात. तरी मनात येतंय, बरोबर असतंय का माजं? बाजारातला मानूस आतला आकडा मला तोंडानं कवाच सांगनार न्हाय. तुला सांगंल. आन तू इचारल्याबिगर ऱ्हानारी न्हाईस, ते बी ठावं हाय मला."

मी हसायचा प्रयत्न केला.

"इरण्णाचा बेचाळीस आन त्या पोराचा पन्नास, असं म्या धरलं. मधले सेहेचाळीस काडले. आता तू सांग. बरोबर निघालं तर म्होरल्या बाजाराला जातो. न्हाय तर आजपास्नं बंद. तू मास्तरीण हाईस. खोटं मार्क देऊ नको."

मी मामींकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. इरण्णांचे जोडलेले हात माझ्या डोळ्यांपुढे होते. बरोबर आहे म्हणणं किती सोपं होतं! पण मग पुढच्या बाजारात आणखी कुणाचा तरी बैल दहा हजारांनी चुकणार, आणि तो माणूस इरण्णा नसणार, त्याची पोरं कमावती नसणार. असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण हे होतं, की नुसतंच चुकीच्या उत्तरावर बरोबरची खूण करायची सवय माझ्या हाताला नव्हती म्हणून, हे मला आजही कळलेलं नाही.

"चुकलं, मामा. इरण्णांचा बावन्न होता. सिद्धूचा अठ्ठावन्न."

मामांनी एका क्षणात हिशोब केला. "म्हंजे पंचावन्नला व्हयाला पायजे हुता. दोघांच्या पदरात तीन-तीन पडले असते." त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, घेतलं त्यांनी नीट. रुमाल मांडीवर घेऊन त्याची घडी घालायला लागले. दोन घड्या घातल्या आणि थांबले.

"मग त्यानं हात का काडला न्हाय?"

मी आकडा सांगितला, पण आकड्यामागून हा प्रश्न येणारच, हे एवढं शिकूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. "गडबडीत कळलं नसेल त्यांना," मी म्हटलं.

"इरण्णाला? बैल इकताना? कळलं न्हाय?"

मामींनी पदर तोंडाला लावला. मामांनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक धरून मोजायला सुरुवात केली. बोट धरलंय हे कळत नव्हतं म्हणून दर वेळी खाली बघत होते. "शिवा आला हुता गौरी गाय घेऊन. मल्लूची जोड. त्यो आळंदचा पाव्हना. बसप्पाची म्हातारी म्हस." नावं संपेनात. बोटं संपली तशी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

"वर्सभरात किती जनांनी हात काडला न्हाय गं?" त्यांनी मला विचारलं. "म्या समजत हुतो, समदे खूश हाईत."

मी तिथं त्यांच्यापुढे बसून रडले. ते रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला टमटमपर्यंत सोडायला मामी एकट्याच आल्या. शेंगांच्या चटणीची पुडी हातात दिली. "बरं केलंस सांगितलंस," म्हणाल्या. "मला वर्सभर जमलं न्हाय." मी उमरग्याहून थेट सोलापूरची गाडी धरली आणि वाटेत कुठंच उतरले नाही.

या सगळ्याला आता दोन महिने झाले. आल्यावर बरेच दिवस मी स्वतःची समजूत घालत होते की झालं ते योग्यच झालं. मामांनी बाजार सोडला. मामी सांगतात, शुगर जरा ताब्यात आहे. पुढच्या कुणाचं नुकसान होणार नाही. कागदावर मांडलं तर माझं उत्तर बरोबरच येतं.

पण मामा आता सोमवारी देवळात जात नाहीत. जातात ते भल्या पहाटे, कुणी नसताना. "त्याच्या म्होरं कसा बसू?" म्हणतात. "त्यानं मला भीक घातली." इरण्णा तीन सोमवार ओट्यावर वाट बघून गेले. चौथ्या सोमवारी घरी आले, तर मामा मागच्या दारानं शेतात निघून गेले. इरण्णा मामींना विचारत होते, "वैनी, माजं काय चुकलं?"

गेल्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला. नंबर कुणाकडून मिळवला कोण जाणे. रागावतील म्हणून मी तयारच होते. ते फक्त म्हणाले, "तुमी त्याला सांगितलं, बाई." मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.

मी त्यांना माझ्या वहीत विकणारा म्हणून मांडलं होतं. उत्पादकाचं आधिक्य, उणे सहा हजार. चुकीचा रकाना होता तो. त्या चार-पाच श्वासांत रुमालाखाली इरण्णा विकत नव्हते, घेत होते. पन्नास वर्षांचा दोस्त त्यांनी सहा हजारांत राखला होता आणि त्यांना तो स्वस्त वाटला होता. तो त्यांच्या हातून गेला. पैसे मात्र गेले ते गेलेच.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असाल तर जरूर जा. एसटीला गर्दी नसते, किल्ला सुंदर आहे, माणसं प्रेमानं जेवू घालतात. एखाद्या माळावर बाजार भरलेला दिसला तर उतरा, भजी खा, सौदेही बघा लांबून. पण सौदा झाल्यावर कुणाला त्याचा आतला आकडा विचारू नका.